गाणं सगळ्यांच्या तोंडी, नाव कुणाच्या? शांता शेळके आणि 'वसंत अवसरे'

पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलताना मधेमधे येणारे 'म्हणजे', 'तर' मी बरेचसे काढलेत, पण बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी.

आजचा विषय आहे गीतकार शांता शेळके. तुम्ही म्हणाल, त्यांच्यावर काय नवीन सांगणार? त्यांची गाणी तर सगळ्यांना पाठ आहेत. माझा मुद्दा नेमका तोच आहे. गाणी पाठ आहेत, नाव नाही. आमच्या भूममध्ये शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी कोळीनृत्य असतंच. समुद्र इथून कित्येक तास लांब, पावसाची वाट बघणारा आमचा तालुका, आणि पोरं मात्र कमरेला रुमाल बांधून 'मी डोलकर'वर होडी वल्हवतात. २६ जानेवारीला 'शूर आम्ही सरदार' लागतं. खव्याच्या भट्टीवर कढई ढवळताना मोबाईलवर लावणी वाजते. यातलं कुठलं गाणं कुणी लिहिलं, असं विचारून बघा. गायकाचं नाव येईल, एखादवेळी संगीतकाराचं येईल. ही तीन वेगवेगळ्या स्वभावांची गाणी एकाच बाईने लिहिलीत, हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "काय सांगता!"

तर आज ते नीट सांगूया.

आधी थोडक्यात ओळख

शांता जनार्दन शेळके. जन्म १२ ऑक्टोबर १९२२, इंदापूर. वडील वनखात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्यांची गावं. वडील लहानपणीच गेले. पुढचं शिक्षण पुण्यात, हुजूरपागा आणि मग स. प. महाविद्यालय. मराठी घेऊन एम. ए. झाल्या. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग'मध्ये उपसंपादक होत्या. नंतर नागपूरला हिस्लॉप कॉलेजात आणि मुंबईला रुइया आणि महर्षी दयानंद कॉलेजात मराठी शिकवलं. 'वर्षा' हा पहिला कवितासंग्रह १९४७ चा. 'गोंदण', 'रूपसी', 'जन्मजान्हवी' हे पुढचे. लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा त्यांनी केलेला अनुवाद 'चौघीजणी' अजूनही घराघरांत वाचतात. कालिदासाचं 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणलं, जपानी हायकूही आणले. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. कुसुमावती देशपांडे आणि दुर्गा भागवत यांच्यानंतरच्या तिसऱ्या स्त्री अध्यक्ष. ६ जून २००२ रोजी पुण्यात निधन.

एवढ्यावरून बाई कवयित्री, प्राध्यापक आणि अनुवादक म्हणून मोठ्या होत्या हे कळतं. गीतकार म्हणून त्या का महत्त्वाच्या, हे कळायला गीतकार म्हणजे काय ते बघावं लागेल.

कवितेचं गाणं होणं वेगळं, गाणं लिहिणं वेगळं

बहिणाबाई चौधरींच्या कवितांची गाणी झाली, १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात ती गाजली. इंदिरा संतांच्या कवितांनाही चाली लागल्या. पण त्या कविता आधी कविता म्हणून जन्मल्या. संगीतकार त्यांच्याकडे नंतर आला.

गीतकाराचं काम उलट चालतं. बऱ्याचदा चाल आधी तयार असते. संगीतकार पेटीवर वाजवून दाखवतो, "इथे दोन अक्षरं, इथे लांबवायचंय, इथे ठोका आहे." दिग्दर्शक सांगतो, "इथे नायिका रुसलीय, पण तिला जायचंही नाहीये." गाणं तीन-साडेतीन मिनिटांत संपायला हवं. आणि शूटिंग परवा आहे!

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर इनपुट ठरलेलं, आउटपुटचा साचा ठरलेला, डेडलाईन ठरलेली. मधली जागा तेवढी तुमची. त्या चिंचोळ्या जागेत जो काहीतरी जिवंत लिहितो तो गीतकार.

यात तांत्रिक भागही खूप आहे. गायकाला सूर लांबवायचा असेल तर तिथे 'आ' किंवा 'ए'सारखा मोकळा स्वर लागतो. 'ट्' किंवा 'क्'वर आलाप घेता येत नाही. चालीत जिथे जोर आहे तिथे शब्दातलंही महत्त्वाचं अक्षर पडलं पाहिजे, नाहीतर 'कमल' ऐकायला 'कम अल' येतं. जोडाक्षरं द्रुत चालीत जीभ अडकवतात. हे सगळं सांभाळून अर्थ सरळ पोहोचला पाहिजे, कारण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही.

मराठीत या धंद्यात त्या काळी कोण होतं? ग. दि. माडगूळकर, पी. सावळाराम, पुढे जगदीश खेबुडकर. एकसे एक दिग्गज, आणि सगळे पुरुष. त्या रांगेत शांताबाई उभ्या राहिल्या त्या कुणी त्यांच्या कविता शोधत आला म्हणून नाही. ऑर्डरप्रमाणे, वेळेत, चालीवर लिहून देणाऱ्या व्यावसायिक म्हणून त्या तिथे होत्या.

शांताबाईंच्या आधी

बायका गाणी रचत नव्हत्या का? रचत होत्या की. आपल्या मराठवाड्यात जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण ओवीला रचणारीचं नाव नसतं. ती आईकडून लेकीकडे जाते आणि सगळ्यांची होते. त्यात सुंदर काहीतरी आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की हजारो कवयित्री आपल्याकडे होऊन गेल्या आणि त्यांचा पत्ता नाही.

रंगभूमीवर नावासकट पाऊल टाकणारी बाई म्हणजे हिराबाई पेडणेकर. मूळच्या सावंतवाडीकडच्या, कलावंतिणीच्या घरात जन्मलेल्या, मुंबईत गिरगावात वाढलेल्या. भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी अशी मंडळी त्यांच्या घरी बैठकीला येत. 'जयद्रथ विडंबन' हे त्यांचं संगीत नाटक १९०४ चं, आणि 'दामिनी' १९१२ मध्ये केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'ने रंगमंचावर आणलं. नाटक त्यांचं, पदं त्यांची. हा तो काळ आहे जेव्हा रंगमंचावर बाईची भूमिकासुद्धा पुरुष करायचे. बाईला नाटकात उभं राहायची सोय नाही, आणि एक बाई नाटक लिहितेय, पदं रचतेय!

पुढे त्या मुंबई सोडून कोकणात, गुहागरजवळच्या पालशेतला राहायला गेल्या. १९५१ मध्ये तिथेच वारल्या, तोवर नाट्यसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' लिहिलं तेव्हा अनेकांना हे नाव पुन्हा कळलं.

आता हे लक्षात ठेवा. १९५१ ला हिराबाई जातात, आणि साधारण त्याच सुमारास शांताबाई चित्रपटासाठी लिहायला लागतात.

सरदार, लावणीवाली आणि कोळी

त्यांचं पहिलं चित्रपटगीत 'राम राम पाव्हणं' या चित्रपटासाठीचं. गंमत म्हणजे संगीतकार म्हणून लता मंगेशकरांचा पहिला चित्रपटही तोच. या दोघी पुढे पुन्हा भेटतात, आणि काय भेटतात!

१९६४. भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा'. यातलं 'शूर आम्ही सरदार' घ्या. आवाज हृदयनाथ मंगेशकरांचा. तलवार, मृत्यूची बेपर्वाई, मर्दानी बाणा, सगळं आहे. शब्द कुणाचे? शांता शेळके. संगीत कुणाचं? पडद्यावर नाव दिसतं 'आनंदघन'. हे आनंदघन म्हणजे स्वतः लताबाई, टोपणनावाने. म्हणजे आपल्याकडे छाती फुगवून गायलं जाणारं हे सगळ्यात मर्दानी गाणं दोन बायकांनी बनवलंय. हे मला कळलं तेव्हा मी ते सलग चार वेळा ऐकलं. गाण्यात काही बदललं नव्हतं, पण ऐकताना मी बदलले होते.

त्याच चित्रपटात 'रेशमाच्या रेघांनी' ही लावणी आहे, आशाबाईंच्या आवाजात. लावणीची परंपरा बघा. गाणारी बाई, नाचणारी बाई, बोलणारं पात्र बाई, पण लिहिणारा शाहीर पुरुष. राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव. बाईच्या तोंडी काय घालायचं हे पुरुष ठरवायचा. इथे लोकांच्या ओठांवर बसलेली लावणी एका प्राध्यापक बाईने लिहिलेली आहे. तिच्यात शृंगार आहे, लटका राग आहे, आणि स्वतःच्या साजाचा तोराही आहे. पेहरावाचं तपशीलवार वर्णन करता करता ती बाई समोरच्याला त्याची जागा दाखवते. चोळी-लुगड्याची, बोटाने कापड चाचपून बघितल्यासारखी ती माहिती आहे.

मग कोळीगीतं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, आणि बोली किनाऱ्यावरची. 'मी डोलकर'मध्ये हेमंतकुमार आणि लताबाई गातात. शांताबाई इंदापूर-पुण्याकडच्या, म्हणजे आपल्यासारख्याच घाटावरच्या. पण शब्द ऐकून कुणाला शंका येत नाही की लिहिणारी किनाऱ्यावरची नाही. भाषा शिकवणाऱ्या बाई भाषा ऐकतही होत्या, हे त्यातून कळतं.

आणि नाटक? रणजित देसाईंच्या 'हे बंध रेशमाचे'ची पदं शांताबाईंची, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. यातलं 'काटा रुते कुणाला' अभिषेकीबुवांच्या आवाजात तुम्ही नक्की ऐकलं असेल. जुन्या संगीत नाटकात पदं ढिगाने असायची आणि एकेक पद वन्समोअर घेत कितीही वेळ चालायचं. अभिषेकींच्या काळात पदं कमी झाली, आटोपशीर झाली, प्रसंगाला चिकटली. अशा पदाला शब्द मोजके हवेत, गवयाला मोकळी जागा हवी, आणि त्या मोजक्या शब्दांतच पात्राचं दुःख हवं. शांताबाईंनी नेमकं ते दिलं. हिराबाईंनी जिथे पाय ठेवला होता, तिथे पन्नासएक वर्षांनी एक बाई ठामपणे उभी होती.

तेराशे वर्षांपूर्वीची एक बाई

'तोच चंद्रमा नभात' हे सुधीर फडक्यांनी चाल दिलेलं आणि गायलेलं भावगीत. त्यामागे एक संस्कृत श्लोक आहे, काव्यशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार उद्धृत होणारा. तो शिलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर सांगितला जातो. म्हणजे गाण्याचं मूळही एका बाईकडे.

श्लोकात बोलणारी बाई आहे. सगळं तेच आहे, चैत्राच्या रात्री त्याच, माणूस तोच, तरी मन मात्र जुन्या जागेकडे ओढ घेतंय, असं ती सांगते. शांताबाईंनी बोलणारा बदलला. गाण्यात पुरुष बोलतो, आणि ओढीच्या जागी रितेपण येतं. सगळं तेच आहे, पण ती पहिली भावना आता नाही. हा अनुवाद नाही, शांताबाईंनी त्या श्लोकाला दिलेलं उत्तर आहे.

शिलाभट्टारिका कोण, हे शतकानुशतकं नीट माहीत नव्हतं. २०२३ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या अभ्यासकांनी चालुक्यांच्या एका ताम्रपटाच्या वाचनातून ती दुसऱ्या पुलकेशीची मुलगी असल्याचं मांडलं. एका बाईचं नाव तिच्या ओळींना पुन्हा जोडायला तेराशे वर्षं आणि तांब्याचा पत्रा लागला.

'वसंत अवसरे' कोण?

आता मुख्य मुद्दा. जुन्या गाण्यांच्या यादीत तुम्हाला 'गीतकार : वसंत अवसरे' असं नाव सापडेल. हे वसंत अवसरे म्हणजे शांता शेळकेच. त्या चित्रपट परीनिरीक्षण मंडळावर, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्यावर होत्या. ज्या चित्रपटांना प्रमाणपत्र द्यायचं त्यांच्याच श्रेयनामावलीत आपलं नाव नको, म्हणून हे टोपणनाव. कारण समजण्यासारखं आहे, सचोटीचं आहे. पण परिणाम काय झाला? पुरुषांनी भरलेल्या यादीत आलेली एक बाई काही काळ पुरुषाच्या नावाने वावरली. आणि 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये तिच्या शब्दांना चाल देणारी दुसरी बाईही टोपणनावामागे होती.

माझं रोजचं काम डेटाचं आहे. एकच माणूस दोन नावांनी नोंदला गेला की आमच्याकडे ती मोठी डोकेदुखी असते. दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे मशीनला आपोआप कळत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. 'शांता शेळके' आणि 'वसंत अवसरे' यांत एक अक्षर जुळत नाही. कुठलाही प्रोग्राम ही दोन माणसं वेगळीच मानणार. मी एका गाण्यांच्या अ‍ॅपवर शांताबाईंची गाणी शोधली तेव्हा काही ठिकाणी गीतकाराचा रकानाच रिकामा होता. गायकाचा मात्र कुठेच रिकामा नव्हता.

बाहेरच्या जगातही ही गोष्ट ओळखीची आहे. अमेरिकेत डोरोथी फील्ड्स ही ब्रॉडवेची नाटकं आणि हॉलीवूडचे चित्रपट, दोन्हींसाठी गाणी लिहायची. १९३६ च्या 'स्विंग टाइम'मधल्या गाण्यासाठी तिला ऑस्कर मिळालं, सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने लिहिलेली गाणी आजही जगभर लग्नात वाजतात. नाव विचारा, फ्रँक सिनात्रा सांगतील.

नावाला किंमत असते, खरोखरची

कुणी म्हणेल, गाणं जगलं ना, नावाचं काय एवढं? थांबा, कायदा बघूया.

भारतात लेखकाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. शांताबाई २००२ मध्ये गेल्या, म्हणजे २०६२ च्या अखेरपर्यंत. पण टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीला ६० वर्षं मोजली जातात ती प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून. खरा लेखक कोण हे त्या मुदतीत उघड झालं, तरच मृत्यूनंतरची ६० वर्षं लागू होतात. म्हणजे १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एखाद्या गाण्याचं टोपणनाव कुणी उघडच केलं नसतं, तर त्याची मुदत २०२३ अखेर संपली असती. नाव माहीत आहे की नाही, यावर जवळपास चाळीस वर्षांचा फरक. शांताबाईंचं टोपणनाव माहीत आहे, पण ते कुठेतरी स्पष्ट नोंदलेलं असणं किती महत्त्वाचं, हे यावरून कळतं.

दुसरी गोष्ट, २०१२ ची दुरुस्ती. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी जोर लावला होता. त्याआधी गीतकाराने निर्मात्याला एकदा हक्क लिहून दिले की बहुतेकदा विषय संपायचा. दुरुस्तीनंतर, थिएटरमध्ये चित्रपट दाखवण्याव्यतिरिक्त गाणं वापरलं तर गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा मिळायला हवा, आणि हा हक्क करार करूनही सोडता येत नाही. प्रत्येक जुन्या गाण्याला हे कसं लागू होतं तो वकिलांचा प्रांत. पण तत्त्व साधं आहे, पैसे नाव बघून जातात. रकाना रिकामा असेल तर पैसे तरी जाणार कुठे?

आज आपल्या तालुक्यातल्या पोरी रीलसाठी गाणी लिहितायत, यूट्यूबवर भीमगीतं, भक्तिगीतं, लग्नाची गाणी टाकतायत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. व्हिडिओखाली 'गीत' म्हणून स्वतःचं पूर्ण नाव लिहा, प्रत्येक वेळी त्याच स्पेलिंगने. स्टुडिओवाल्याने कागद पुढे केला तर वाचून सही करा. टोपणनाव घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण ते तुमचंच आहे याचा लेखी पुरावा ठेवा.

आणि आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांनी काय करायचं? फार सोपं आहे. यंदा गॅदरिंगला, गणपतीत, लग्नात जिथे निवेदनाचा माईक तुमच्या हातात येईल तिथे गायकाच्या आधी गीतकाराचं नाव घ्या. "सादर करत आहोत कोळीगीत, शब्द शांता शेळके." पाच सेकंद लागतात. ते ऐकून एखाद्या पोरीच्या डोक्यात आलं की 'अरे, गाणं बाईपण लिहिते', तर त्या पाच सेकंदांचं सोनं झालं.

तर मंडळी, हा भाग इथेच थांबवूया. तुमच्या गावात, तुमच्या घरात गाणी रचणारी कुणी आजी, मावशी, काकू असेल तर तिचं एखादं गाणं तिच्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि फाईलला नाव देताना तिचं नाव द्या. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि कुणी लिहिलंय ते विचारत राहा.